अंगठीची कथा आणि वाचकांचा दरबार

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलापाशी रोज एक लहानशी सभा भरत असते. तिला अध्यक्ष नसतो आणि तिचे इतिवृत्तही कोणी लिहीत नाही. पुस्तक परत करणारा सभासद सहज म्हणून जातो, "शेवट काही पटला नाही." मागे उभा असलेला दुसरा म्हणतो, "अहो, शेवटासाठीच तर ते वाचायचे." दोघांचे एकमत होत नाही, परंतु ती दोन वाक्ये ऐकून तिसरा सभासद ते पुस्तक घरी घेऊन जातो. वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत या सभेला सहसा स्थान मिळत नाही. एका ग्रंथाच्या बाबतीत मात्र तिची नोंद पुष्कळशी टिकून राहिली आहे. त्याच्या लेखकाने वाचकांची पत्रे मनापासून वाचली, त्यांना दीर्घ उत्तरे लिहिली, आणि त्या उत्तरांपैकी निवडक पत्रे १९८१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. लेखक जे. आर. आर. टॉल्किन आणि ग्रंथ 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. या ग्रंथाविषयी वाचकांनी काय काय म्हटले, आणि त्या म्हणण्याचे मोल काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

ज्यांनी ग्रंथ वाचलेला नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगावे लागेल. सॉरॉन नावाच्या दुष्ट सत्ताधीशाने आपले सामर्थ्य एका अंगठीत ओतून ठेवले आहे. ती अंगठी हरवते आणि योगायोगाने बिल्बो नावाच्या एका हॉबिटाच्या हाती येते. हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचे, शेतीभाती करणारे, चारी ठाव जेवणारे, पराक्रमाची हौस नसलेले लोक. बिल्बोकडून ती त्याचा वारस फ्रोडो याच्याकडे येते. अंगठी वापरून शत्रूला जिंकता येईल. परंतु जो वापरील तो स्वतःच शत्रूसारखा होईल. म्हणून ज्या ज्वालामुखीत ती घडली त्याच अग्नीत ती नष्ट केली पाहिजे. इतर महाकथांतील नायक काहीतरी मिळविण्यासाठी निघतात. फ्रोडो निघतो तो टाकून देण्यासाठी. कथेचे सारे वेगळेपण या एका गोष्टीत आहे.

टॉल्किन हा ऑक्सफर्ड येथे प्राचीन इंग्रजी भाषेचा प्राध्यापक होता. 'द हॉबिट' हे त्याचे मुलांसाठी लिहिलेले पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले. ते छापावे की नाही, याचा कौल प्रकाशक स्टॅन्ली अन्विन याने आपल्या दहा वर्षांच्या मुलाकडून, रेनरकडून घेतला. मुलांच्या पुस्तकांचे परीक्षण मुलांनीच करावे, असे त्याचे मत होते. रेनरने हस्तलिखित वाचून १९३६ साली छोटा अभिप्राय लिहिला आणि त्याबद्दल त्याला एक शिलिंग मिळाला. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना पुस्तक आवडेल, असे या दहा वर्षांच्या परीक्षकाने बजावले होते! आधुनिक काळातील या महान अद्भुतकथेचा प्रवास अशा रीतीने एका बालवाचकाच्या मतापासून सुरू झाला.

'हॉबिट'ची पुढची कथा लिहायला टॉल्किनने १९३७ च्या डिसेंबरात आरंभ केला, आणि ती पूर्ण होण्यास जवळजवळ बारा वर्षे लागली. या काळात तिला थोडेच पण जागरूक श्रोते लाभले. सी. एस. ल्यूइस या प्राध्यापक मित्राच्या खोलीत 'इन्क्लिंग्ज' नावाचे मंडळ जमत असे. तेथे प्रकरणे वाचून दाखविली जात. ल्यूइसने धीर दिला नसता तर हे लेखन तडीस गेले नसते, असे टॉल्किनने कृतज्ञतेने नमूद केले आहे. महायुद्धात हवाईदलाच्या सेवेत दक्षिण आफ्रिकेत असलेल्या ख्रिस्तोफर या मुलाला १९४४ साली तो लिहून झालेली प्रकरणे टपालाने पाठवीत असे. पण या मंडळातही सर्वजण अनुकूल नव्हते. ह्यूगो डायसन या सदस्याला ही कथा मुळीच सोसत नसे. पुढे पुढे तो हजर असला की तिचे वाचन बंद ठेवावे लागे. ग्रंथ छापून होण्यापूर्वीच त्याच्याभोवती दोन पक्ष तयार झाले होते.

पुढे रेनर अन्विन मोठा होऊन वडिलांच्या व्यवसायात शिरला आणि ही प्रचंड कथा त्याच्या हाती आली. ग्रंथ थोर आहे, पण यात हजार पौंडांचे नुकसान होण्याचा संभव आहे, असे त्याने वडिलांना कळविले. ग्रंथ थोर आहे अशी खात्री असेल तर नुकसान सोसावे, असे वडिलांचे उत्तर आले. कागद आणि छपाई महाग असल्यामुळे एकसंध कथा तीन खंडांत विभागली गेली. पहिला खंड जुलै १९५४ मध्ये आणि दुसरा नोव्हेंबर १९५४ मध्ये निघाला. दुसऱ्या खंडाच्या अखेरीस फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो आणि पान संपते. तिसऱ्या खंडाला जोडावयाच्या परिशिष्टांचे काम लांबल्यामुळे तो ऑक्टोबर १९५५ मध्ये आला. सुमारे अकरा महिने वाचक फ्रोडोचे काय झाले असेल या चिंतेत राहिले. एक खंड वाचून झाला आणि पुढचा दुसऱ्या सभासदाकडे गेलेला आहे, ही अवस्था ग्रंथालयाच्या प्रत्येक सभासदाने अनुभवलेली असते. त्या वाचकांची अस्वस्थता त्यांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

तिन्ही खंड हाती आल्यावर मतांचा जो गदारोळ उठला तो उद्बोधक आहे. कवी डब्ल्यू. एच. ऑडन याने विद्यार्थिदशेत टॉल्किनची व्याख्याने ऐकली होती. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात त्याने ग्रंथाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. पण या पुस्तकाविषयी मध्यममार्गी मत कोणाचेच आढळत नाही, हेही त्याने नोंदविले. एक तर ते अलौकिक वाटते किंवा असह्य. एडविन म्यूर या कवीने आक्षेप घेतला की यातील वीर ही वीरांची सोंगे घेतलेली मुले आहेत. प्रौढ आयुष्याची त्यांना ओळखच नाही. सर्वांत कडक टीका १९५६ साली एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकाने केली. त्याला सारा ग्रंथ पोरकट आणि फोल वाटला. परंतु याच लेखात त्याने सांगितले आहे की आपल्या सात वर्षांच्या मुलीला त्याने तो संपूर्ण वाचून दाखविला. विल्सनने दिलेले कारण काहीही असो, हजारभर पाने मुलीला मोठ्याने वाचून दाखविणारा हा निंदक कित्येक वरवरच्या प्रशंसकांपेक्षा अधिक प्रामाणिक वाचक म्हटला पाहिजे.

या साऱ्यावर लेखकाची प्रतिक्रिया काय होती? १९६५ च्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने मोठ्या खेळकरपणे सांगितले की ज्यांना हे पुस्तक कंटाळवाणे वाटले त्यांच्याविषयी तक्रार नाही, कारण त्यांच्या पुस्तकांविषयी आपलेही मत तसेच आहे. पुढे त्याने एक मार्मिक अनुभव नोंदविला. वाचकांच्या पत्रांवरून पाहता, काहींना जो भाग डाग वाटतो तोच इतरांना विशेष आवडलेला असतो. दुरुस्ती करायची झाली तर कोणाचे ऐकून करावी? सर्वांचे ऐकले तर पुस्तकच उरणार नाही. सर्वांच्या तक्रारींतील एकच त्याला पूर्णपणे मान्य होती: पुस्तक फारच लहान आहे!

वाचकांच्या मागण्याही नाना प्रकारच्या होत्या. कोणाला आणखी नकाशे हवे होते, कोणाला भूगर्भरचना. भाषाप्रेमींना एल्फ लोकांच्या भाषेचे व्याकरण पाहिजे होते. संगीतज्ञांना गीतांच्या चाली, वनस्पतिशास्त्रज्ञांना काल्पनिक वृक्षांची अचूक वर्णने, इतिहासप्रेमींना तेथील राज्यव्यवस्थेचा तपशील. १९५६ साली तर लंडनहून एका गृहस्थाचे पत्र आले. त्याचे नाव खरोखरच सॅम गॅमजी होते. फ्रोडोच्या निष्ठावंत सेवकाचे हेच नाव. आपले नाव कथेत कसे आले, अशी त्याची पृच्छा होती. टॉल्किनने त्याला आनंदाने उत्तर लिहिले आणि तिन्ही खंड सही करून भेट पाठविले.

या स्नेहाची परतफेड वाचकांनी योग्य वेळी केली. १९६५ साली अमेरिकेत एका प्रकाशनसंस्थेने लेखकाची परवानगी न घेता पंचाहत्तर सेंटची स्वस्त आवृत्ती काढली. अधिकृत आवृत्तीची किंमत पंचाण्णव सेंट होती. टॉल्किन वाचकांना पत्रोत्तरे लिहीत असेच. त्या उत्तरांत त्याने ही हकीकत कळविण्यास सुरुवात केली. बातमी तोंडोतोंडी पसरली. वीस सेंट अधिक मोजून वाचक अधिकृत आवृत्ती मागू लागले. अखेर त्या प्रकाशकाला लेखकाचे मानधन देणे आणि पुढील छपाई थांबविणे भाग पडले. वाचकांचे लोकमत केवळ आवडीनिवडीपुरते नसते, त्यात न्यायबुद्धीही असू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

मतांच्या या देवाणघेवाणीत एक तात्त्विक प्रश्न वारंवार येत राहिला. महायुद्ध नुकतेच संपले होते, अणुबाँबची दहशत ताजी होती. अंगठी म्हणजे अणुबाँब, सॉरॉन म्हणजे अमुक हुकूमशहा, असे अर्थ वाचक लावू लागले. टॉल्किनने ते ठामपणे नाकारले. ही कथा त्या युद्धाचे रूपक असती तर सज्जनांनी अंगठी नष्ट न करता शत्रूविरुद्ध वापरली असती, असे त्याचे खोचक उत्तर होते. शिवाय १९१६ सालच्या सोमच्या रणभूमीवर तो स्वतः लढला होता, आणि ते पहिले महायुद्ध संपेपर्यंत त्याच्या जिवलग मित्रांपैकी एकच जिवंत राहिला होता, याचाही विसर पडू नये असे त्याला वाटे. परंतु वाचकाने आपल्या अनुभवाशी कथेचा संबंध जोडू नये, असे मात्र त्याने म्हटले नाही. रूपकात लेखक वाचकाला आपल्या अर्थाने बांधून टाकतो. कथा आपल्या जीवनाला लागू पडते असे वाचकाला जाणवते, तेव्हा ते स्वातंत्र्य वाचकाचे असते. हा भेद टॉल्किनला महत्त्वाचा वाटे. वाचकाच्या मतस्वातंत्र्याचा इतका स्पष्ट स्वीकार एखाद्या लेखकाने क्वचितच केला असेल.

आता ज्या प्रसंगावर वाचकांची खरी कसोटी लागली त्याकडे वळू. असंख्य यातना सोसून फ्रोडो त्या अग्निकुंडाच्या काठाशी पोहोचतो. अंगठी फेकायची एवढेच उरलेले असते, आणि तो फेकीत नाही. ती आपली आहे असे जाहीर करून तो ती बोटात घालतो. नायक अखेरच्या पायरीवर हरतो. त्याच क्षणी गॉलम त्याच्यावर झडप घालतो. हा प्राणी कधीकाळी हॉबिटांसारखाच होता, पण अंगठीच्या लोभाने त्याची दशा केविलवाणी झालेली आहे. तो अंगठीसकट फ्रोडोचे बोट दातांनी तोडतो आणि आनंदाच्या भरात तोल जाऊन अग्नीत कोसळतो. जग वाचते, पण नायकाच्या निर्धाराने वाचत नाही.

हा शेवट पुष्कळ वाचकांच्या नजरेतून निसटला. फ्रोडोच्या अपयशाचा मुद्दा पत्रातून उपस्थित करणारे वाचक अगदी मोजके होते, असे टॉल्किनने १९६३ साली लिहिले आहे. ज्यांच्या तो ध्यानात आला त्यांच्यापैकी एकाने तर संतापून कळविले होते की फ्रोडोचा सन्मान कसला करता, देशद्रोही म्हणून त्याला देहान्त शासन व्हायला हवे होते. पत्र निर्दय असले तरी प्रश्न रास्त होता. ज्याने अखेरीस कच खाल्ली त्याला गौरव का?

टॉल्किनने हा प्रश्न झटकून टाकला नाही. फ्रोडो अपयशी ठरला हे त्याने मान्य केले. परंतु त्या ठिकाणी, त्या क्षणी अंगठीचा मोह आवरणे कोणाही देहधाऱ्याला अशक्य होते. मनुष्याच्या शक्तीबाहेरचे ओझे पडून तो मोडला तर त्यात नैतिक दोष किती धरावा? डोंगराचा कडा अंगावर कोसळून एखादा चिरडला गेला तर त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. फ्रोडोने आपल्या शक्तीचा अखेरचा कण वेचून अंगठी तेथवर नेली. पुढचे त्याच्या हातचे नव्हते. पुढचे घडले ते त्याच्या पूर्वीच्या एका कृतीमुळे. वाटेत गॉलमला ठार करण्याची संधी अनेकदा आली होती, तसे करणे शहाणपणाचेही ठरले असते. परंतु आधी बिल्बोने आणि मग फ्रोडोने त्याला दयेने जीवदान दिले. ती दया केली नसती तर अग्निकुंडाच्या काठाशी गॉलम नसता आणि अंगठी फ्रोडोच्या बोटातच राहिली असती. बळ संपले तेथे पूर्वी केलेली दया कामी आली. म्हणजे ज्या प्रसंगी वाचक नायकाला देहदंड फर्मावू पाहत होता, तोच प्रसंग अपराध्याला जीवदान दिल्याचे फळ सांगणारा होता. फ्रोडोने गॉलमला जे दिले ते वाचक फ्रोडोला देईल काय, एवढाच प्रश्न उरतो.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. कर्णाविषयीचा आपला वाद याच जातीचा आहे. १९६७ या एकाच वर्षी इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आणि शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' ही दोन पुस्तके आली. एकीत कर्णाची कठोर चिकित्सा आहे, तर दुसरीत त्याच्या दुःखाशी तादात्म्य. कित्येक घरांत ही दोन्ही पुस्तके एकाच कपाटात सुखाने नांदतात आणि त्यांचे वाचक जेवणाच्या पानावर भांडतात. द्यूतसभेत कर्ण जे बोलला ते विसरायचे की त्याच्या जन्मभराच्या अवहेलनेकडे पाहायचे? या प्रश्नाचा निकाल लागला असता तर महाभारत केव्हाच मिटून ठेवले गेले असते. वाचक कर्णाचा न्याय करतात तेव्हा दुःखितांकडे आणि अपराध्यांकडे कसे पाहावे, याची शिकवणी नकळत स्वतःलाच देत असतात.

अर्थात वाचकांच्या सर्वच आक्षेपांना समाधानकारक उत्तरे मिळाली, असे नव्हे. ऑर्क ही दुष्टांची सारी जमात कथेत जन्मतःच दुष्ट कशी, एखाद्यालाही सुधारण्याची वाट नाही काय, या प्रश्नाने टॉल्किन स्वतःच अखेरपर्यंत अस्वस्थ होता. कथेत स्त्रियांना स्थान थोडे आहे, ही तक्रारही खोटी नाही. १९५४ साली ऑक्सफर्डमधील एका पुस्तकांच्या दुकानाच्या व्यवस्थापकाने धर्मतत्त्वाच्या दृष्टीने काही सूक्ष्म शंका विचारल्या. टॉल्किनने त्यांना लांबलचक उत्तर लिहिले. मात्र ते पाठविले नाही. आपण स्वतःला फारच महत्त्व देत आहोत असे वाटले, अशा अर्थाचा शेरा त्याने त्यावर मारून ठेवला. लेखकाची ही नम्रता वाचकांनीही अंगी बाणवावी अशी आहे.

१९९७ च्या आरंभी इंग्लंडमध्ये विसाव्या शतकातील सर्वोत्तम पुस्तकासाठी वाचकांचा कौल घेण्यात आला. पंचवीस हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पहिले आले. विद्वत्क्षेत्रात हळहळ झाली. जर्मेन ग्रीअर या विदुषीने तर आपल्याला पडलेले दुःस्वप्न खरे ठरल्याची भावना व्यक्त केली. या कथेवरील प्रसिद्ध चित्रपट २००१ पासूनचे, त्यामुळे हा कौल त्यांच्या प्रभावाचा म्हणता येत नाही. २००३ साली बीबीसीने घेतलेल्या कौलातही हेच पुस्तक अग्रस्थानी राहिले. बहुमताने वाङ्मयीन श्रेष्ठत्व ठरत नाही, हे खरे. परंतु चाळीस-पन्नास वर्षे टिकलेले प्रेम केवळ अडाणीपणाचे म्हणून बाजूला सारणे हेही समीक्षेचे काम नव्हे. आपल्याकडे 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांपासून नाथमाधवांच्या 'वीरधवल'पर्यंतच्या लेखनाची बोळवण अशीच घाईने झाली. त्या कादंबऱ्या टॉल्किनच्या तोलाच्या आहेत असे येथे सुचवायचे नाही. ज्या वाचकांनी त्या झोपेची वेळ टाळून वाचल्या, त्यांना त्यांत काय सापडले, हे कोणी विचारले नाही, एवढेच.

आणि हे विचारण्याची जागा कोणती? उर्सुला ल गुइन या थोर अमेरिकन लेखिकेने आपली आठवण लिहून ठेवली आहे. पन्नासच्या दशकात एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांच्या मांडणीवर तिला हे तीन खंड दिसले. वेष्टनावरचा रोखून पाहणारा डोळा पाहून ती काही काळ बिचकली. अखेर एके दिवशी तिने पहिला खंड घरी नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडताच ती उरलेले दोन खंड घेण्यासाठी दारात हजर होती. पुढे तिने तो ग्रंथ आपल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखविला आणि स्वतः अद्भुतकथेच्या क्षेत्रात मानाचे स्थान मिळविले. मांडणीवर ते खंड ठेवणाऱ्या ग्रंथपालाचे नाव कोणाला ठाऊक नाही. आपण काय केले हे त्यालाही कधी कळले नसेल.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर शंभर वर्षे मराठी ग्रंथालय चालविणाऱ्यांना टॉल्किनचा आणखी एक विचार जवळचा वाटेल. तो मुळात भाषावेडा होता; त्याने प्रथम भाषा रचल्या आणि त्या बोलणाऱ्यांसाठी जग नंतर निर्माण केले. मुद्दाम बनविलेल्या एस्पेरांतोसारख्या भाषा निर्जीव का राहिल्या, याचे त्याने दिलेले कारण असे की त्यांच्या कर्त्यांनी त्या भाषांतील दंतकथा निर्माण केल्या नाहीत. भाषा जगते ती तिच्यात सांगितल्या जाणाऱ्या कथांवर. त्याला एवढीच जोड द्यावीशी वाटते की कथा जगते ती तिच्याविषयी भांडणाऱ्या वाचकांवर. टॉल्किनची ही कथा आता मराठी अनुवादातही उपलब्ध आहे. फ्रोडोला दोषी धरणारे आणि त्याला क्षमा करणारे असे दोन पक्ष या ग्रंथालयातही पडोत. देवघेवीच्या टेबलापाशी त्यांचा आवाज थोडा चढला तर ग्रंथपालांनी शांततेची पाटी दाखविण्यापूर्वी क्षणभर थांबावे. मागच्या बाकावर बसून कान देणारा एखादा मुलगा कदाचित त्याच पुस्तकाचे नाव चिठ्ठीवर लिहून घेत असेल.